टॉप मॉडेलचा भाव, बेस मॉडेलचं इंजिन

घरात गाडी घ्यायचं ठरलं की एक तरी काका किंवा मामा असा निघतोच जो सांगतो, घेतोयस तर टॉप मॉडेलच घे रे, विकताना भाव येतो. मी हे कोल्हापुरात ऐकलंय, पुण्यात ऐकलंय आणि आता डेट्रॉइटच्या बाजूला नोव्हाय नावाच्या गावात राहतो तिथे गणपतीच्या जेवणाच्या रांगेतसुद्धा ऐकतो, गाडीचं नाव बदलतं, सल्ला तोच. साध्या गाडीच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. स्विफ्ट घ्या, सिटी घ्या, बेस आणि टॉपमध्ये इंजिन बहुतेक एकच, फरक असतो तो अलॉय, स्क्रीन, सीटकव्हर, सनरूफचा, आणि सहा-सात वर्षांनी गिऱ्हाईक बघतं काय तर कुठल्या सालची, किती किलोमीटर, फर्स्ट ओनर की सेकंड, कुठे ठोकलीय का. सनरूफसाठी मोजलेले जादाचे पैसे तोवर विरून गेलेले असतात.

स्पोर्ट्स कारचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे नावाच्या शेवटी एक 'एस' किंवा एखादा आकडा लागला की कधी नुसता बंपर बदललेला असतो आणि कधी अख्खं इंजिनच दुसऱ्या खानदानातलं असतं, आणि बाहेरून बघून काही म्हणजे काही कळत नाही.

हे सगळं आत्ता डोक्यात घोळायचं कारण म्हणजे आमचे दादा. मूळचे सांगलीचे, माझ्याच ऑफिसात, पन्नाशीला आलेले, मुलगा कॉलेजला गेलाय, मुलगी अजून शाळेत आहे, आणि त्यांना आता एक जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचीय. वहिनींनी हो म्हटलंय पण दोन अटींवर, चार-पाच वर्षांनी विकताना पैसे फार बुडता कामा नयेत आणि मधल्या काळात टो ट्रकवाल्याचा नंबर पाठ होता कामा नये. माझा पोटापाण्याचा धंदा कूलिंगचा, म्हणजे रेडिएटर, ऑइल कूलर, पंखे, पाइप, होज वगैरे, त्यामुळे ऑफिसातले सगळे गाडी घेताना मला विचारतात, जणू काही मी ज्योतिषी आहे.

दादांचं म्हणणं असं की या दोन अटी खरं तर एकच आहेत. महाग मॉडेल म्हणजे भारी मॉडेल, भारी मॉडेल म्हणजे न बिघडणारं, न बिघडणारं म्हणजे भाव टिकणारं, झालं. मला हे पटत नाही. भाव कशावर ठरतो तर तसल्या गाड्या किती बनल्या, गिअर हाताने टाकायचे आहेत की नाहीत, आणि यापुढे तसली गाडी मिळणार आहे का यावर. इंजिन टिकतं किंवा बसतं ते उष्णतेवर आणि भारावर. आता या दोन गोष्टींची गाठ पडलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय? कधी पडते, कधी नाही पडत, आणि कुठे पडते ते मॉडेलगणिक बघावं लागतं.

आमच्या गावात राहून कॉर्व्हेटपासून, म्हणजे इथल्याच शेव्हरोलेच्या स्पोर्ट्स कारपासून, सुरुवात नाही केली तर लोक हसतील. सातव्या पिढीची कॉर्व्हेट, जिला सगळे सी७ म्हणतात, २०१४ ते २०१९ या मॉडेल वर्षांत आली. बेस म्हणजे स्टिंगरे, ६.२ लिटरचा व्ही८, ४५५ हॉर्सपॉवर, आणि २०१४ मध्ये किंमत साधारण ५२ हजार डॉलर. तिच्या वरची झेड०६, तेच ६.२ लिटर पण वर सुपरचार्जर बसवलेला, ६५० हॉर्सपॉवर, किंमत ८० हजारांच्या आसपास. आकडे बघितले की कुणाचीही बोटं झेड०६ कडे वळतात. पण २०१५ आणि २०१६ च्या झेड०६ ट्रॅकवर नेल्या की काही फेऱ्यांतच तापायच्या, काँप्युटर ताकद कमी करून टाकायचा, ज्याला लिंप मोड म्हणतात, आणि ६५० हॉर्सपॉवरचा मालक हळूहळू पिटमध्ये परत. माणसं कोर्टात गेली. २०१७ च्या मॉडेलला कंपनीने बॉनेटवरची हवा जायची जागा मोठी केली आणि सुपरचार्जरचं झाकण बदललं, तेव्हा जरा बरं झालं.

यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही हो. सुपरचार्जर हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, ती गार करायला वेगळं पाणी, त्या पाण्याला वेगळा रेडिएटर, तो रेडिएटर नाकासमोर इंजिनच्या रेडिएटरच्या पुढे किंवा बाजूला, आणि नाक तेवढंच. चार माणसांच्या कुकरमध्ये दहा जणांचा भात लावल्यासारखं ते. आमच्या धंद्यात हॉर्सपॉवर कुणी विचारत नाही, विचारतात की किती किलोवॅट उष्णता बाहेर काढायचीय आणि समोरून हवा आत यायला जागा किती आहे.

आणि मग २०१७ मध्ये मधलं मॉडेल आलं, ग्रँड स्पोर्ट, किंमत ६६ हजारांच्या आसपास. यात कंपनीने काय केलं तर झेड०६ ची रुंद बॉडी, झेड०६ चे ब्रेक, टायर, सस्पेन्शन, आणि इंजिन मात्र बेसवालंच, सुपरचार्जर नाही, ४६० हॉर्सपॉवर. म्हणजे ताकद खालची आणि ती पेलायची, थांबवायची, वळवायची सगळी व्यवस्था वरची. माझ्या दृष्टीने हे त्या पिढीतलं सगळ्यात अकलेने बनवलेलं मॉडेल आहे. आणि गंमत म्हणजे बाजारालाही ते कळलं, ग्रँड स्पोर्टला, त्यातही मॅन्युअल असेल तर, मागणी चांगली टिकून आहे. याला अजून एक कारण आहे ज्याचा इंजिनशी संबंध नाही, २०२० ला आठवी पिढी आली ती इंजिन मागे घेऊन आली आणि तिला मॅन्युअल गिअरबॉक्सच नाही. म्हणजे पुढे इंजिन आणि हाताने गिअर अशी कॉर्व्हेट सी७ पाशी संपली. भावाला जोर येतो तो अशा संपण्यामुळे.

ग्रँड स्पोर्ट देखील काही धुतल्या तांदळासारखी नाही. तिची आणि झेड०६ ची चाकं वाकतात, तडकतात म्हणून त्यावरही खटला झालाय, आणि मिशिगनचे मार्च महिन्यातले खड्डे ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको की पातळ टायर आणि मोठी रिम इथे काय भोगते. स्टिंगरेची चाकं त्या मानाने गरीब, टायरही स्वस्त. दादांना हे सांगितलं तर म्हणाले, खड्ड्यांचं मला नको सांगूस, मी सांगली-कोल्हापूर रस्त्यावर गाडी शिकलोय.

त्याच्या आधीच्या पिढीत, सी६ मध्ये, हीच गोष्ट अजून ठसठशीत दिसते. तिथल्या झेड०६ ला एलएस७ नावाचं ७ लिटरचं इंजिन होतं, ५०५ हॉर्सपॉवर, टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, टायटॅनियमचे इनटेक व्हॉल्व, आणि हे इंजिन हाताने जोडलं जायचं ते आमच्या घरापासून गाडीने जेमतेम काही मिनिटांवर असलेल्या विक्समला. हाताने जोडलेलं म्हटलं की आपल्याला वाटतं आता याला काय होतंय. तर त्याच इंजिनच्या हेडमधले, म्हणजे वरच्या भागातले, व्हॉल्व गाईड (व्हॉल्वला सरळ धरणाऱ्या नळ्या) झिजतात, आणि फारच झिजले तर व्हॉल्व तुटून सिलिंडरमध्ये, आणि मग इंजिन कचऱ्यात. सगळ्यांचं होतं असं नाही पण घेणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की हेडचं काम केलंय का, पावती आहे का. आणि त्याच गाडीच्या बेस मॉडेलमधलं एलएस३, ६.२ लिटर, ४३० हॉर्सपॉवर, कारखान्यात बाकीच्या इंजिनांसारखंच बनलेलं, ते मात्र वर्षानुवर्षं मुकाट्याने चालतंय. भाव कुणाला जास्त? झेड०६ ला. अजूनही. कारण ७ लिटर आता परत येणार नाही. त्या बाजाराला व्हॉल्व गाईड माहीत आहेत, तरी तो पैसे मोजतो, फक्त हेडची पावती असेल तर थोडे जास्त मोजतो.

फोर्डच्या मस्टँगची एक गोष्ट सांगायलाच हवी कारण ती अगदी माझ्या खात्यातली आहे. शेल्बी जीटी३५०, ५.२ लिटरचा व्ही८, फ्लॅट प्लेन क्रँक (रेसिंगच्या इंजिनांत असतो तसला क्रँकशाफ्ट), ५२६ हॉर्सपॉवर आणि ८,२५० आरपीएमपर्यंत फिरणारा, आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. इंजिन बनायचं मिशिगनमधल्या रोमिओला आणि गाडी फ्लॅट रॉकला. तर सुरुवातीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या गाड्यांत कंपनीने पॅकेज पाडली होती, ट्रॅक पॅकेज घेतलं तर गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलला (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) वेगळे कूलर, आणि ते न घेता नुसती बेस किंवा टेक्नॉलॉजी पॅकेज घेतलं, ज्यात भारी सीट आणि भारी स्क्रीन, तर हे कूलर नाहीत! म्हणजे ८,२५० फिरणारं इंजिन दिलं, ट्रॅकवर न्यायची गाडी म्हणून विकली, आणि तेल गार करायची सोय ऑप्शनल. मग तेच, ट्रॅकवर तापली, लिंप मोड, खटला. २०१७ पासून कूलर सगळ्यांना दिले. आज जुन्या बाजारात २०१६ ची टेक्नॉलॉजी पॅकेजवाली बघितली की सीट मऊ असतात पण जाणकार माणूस आधी खाली वाकून कूलर शोधतो. अशा ठिकाणी व्हेरिएंटच्या नावात खरंच काहीतरी आहे, आणि ते ब्रोशरच्या पहिल्या पानावर नव्हतं. साधी मस्टँग जीटी, ५ लिटरवाली, तिचं कौतुक कुणी करत नाही, तिच्या गाड्याही भरपूर, म्हणून भाव पडतो, आणि म्हणूनच वापरायला घेणाऱ्याला ती परवडते.

आता पोर्शे. दादांचा जीव खरा अडकलाय तो इथे, त्यांच्या फोनवर ९११ सोडून दुसरं वॉलपेपर मी पाहिलेलं नाही.

९११ मध्ये व्हेरिएंटचा गुंता एवढा आहे की त्यावर माणसं डॉक्टरेट करतील. कॅरेरा, कॅरेरा एस, ४, ४एस, टार्गा, जीटीएस, टर्बो, जीटी३, जीटी२, आणि प्रत्येक पिढीत अर्थ वेगळा. दादांच्या आवाक्यातल्या दोन पिढ्या म्हणजे ९९६ आणि ९९७. ९९६ ही पाण्याने गार होणारी पहिली ९११, १९९७ साली युरोपात आली. तिच्या साध्या कॅरेरामधल्या इंजिनात एक मधला शाफ्ट आहे, त्याच्या टोकाला एक बंद बेअरिंग, ज्याला सगळे आयएमएस म्हणतात, आणि ते बेअरिंग गेलं की इंजिन गेलं. सुरुवातीच्या काही गाड्यांत बेअरिंग दुहेरी ओळीचं होतं, ते बरं, नंतर एकेरी ओळीचं आलं, ते वाईट. अमेरिकेत यावर खटला होऊन २०१३ मध्ये तडजोड झाली, त्यात एकेरी ओळीच्या बेअरिंगसाठी ८ टक्क्यांच्या आसपास आणि दुहेरीसाठी १ टक्क्याहून कमी असे आकडे पुढे आले. म्हणजे वाईट बेअरिंग धरलं तरी शंभरातल्या नव्वदच्या वर गाड्या ठीकच राहिल्या. पण भीतीला टक्केवारी कळत नाही, त्या एका बेअरिंगमुळे ९९६ कॅरेरा बरीच वर्षं सगळ्यात स्वस्त ९११ होऊन बसली होती. शहाणे लोक क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवतात तेव्हाच सुधारलेलं बेअरिंग टाकून घेतात, कारण दोन्हीला मजुरी एकच, आणि विकताना ती पावती बदामी पिशवीत जपून ठेवलेली दाखवतात.

त्याच ९९६ चं टर्बो आणि जीटी३ मॉडेल मात्र वेगळंच. बाहेरून भाऊभाऊ, आतलं इंजिन हान्स मेट्स्गर या इंजिनिअरच्या नावाने ओळखलं जाणारं, १९९८ साली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या ९११ जीटी१ च्या इंजिनाच्या वंशातलं. याच्यातही मधला शाफ्ट आहे, पण त्याला दाबाने तेल मिळणारी साधी बेअरिंग आहेत, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही. इथे दादांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, महाग मॉडेल खरोखर दणकट आहे, भावही टिकलाय, नुसता टिकला नाही तर चढलाय. दोन गोष्टींची गाठ पडते ती अशी, कंपनीने नुसता आकडा न वाढवता खालचा भागच बदलला की. (मेट्स्गर इंजिनालाही खोड आहेच, पाण्याच्या पाइपांचे सांधे चिकटवलेले असतात, वयोमानाने आणि उष्णतेने सुटतात, आणि सगळं कूलंट रस्त्यावर. ट्रॅकवर नेणारे ते सांधे वेल्ड करून किंवा पिन मारून घेतात. मला हा दोष फार आवडतो कारण तो माझ्या खात्यातला आहे आणि एकदा नीट दुरुस्त केला की संपतो.)

९९७ मध्ये आल्यावर गणित पुन्हा उलटतं. २००५ ते २००८ च्या गाड्यांत दोन इंजिनं, साध्या कॅरेराला ३.६ लिटर आणि कॅरेरा एसला ३.८. दोन्हीचा स्ट्रोक (पिस्टन ये-जा करतो ते अंतर) सारखाच, ८२.८ मिलिमीटर, फरक फक्त बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकाच्या व्यासात, ३.६ चा ९६ आणि ३.८ चा ९९ मिलिमीटर. म्हणजे जवळपास त्याच ब्लॉकमध्ये भोक ३ मिलिमीटरने मोठं केलं, मग भोकाभोवतीची भिंत कुठून येणार, ती पातळ झाली. आणि या ३.८ वाल्या गाड्यांत सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडायची तक्रार ३.६ पेक्षा जास्त दिसते. तेल पितात, गार असताना टिकटिक करतात, एका बाजूची एक्झॉस्टची नळी दुसरीपेक्षा जास्त काळी होते, आणि मग मेकॅनिक आत कॅमेरा घालून बघतो आणि एकदम गप्प होतो. दुरुस्ती म्हणजे इंजिन पूर्ण उघडून सिलिंडरला नव्या स्लीव्ह (आतली अस्तरं), आणि त्या खर्चात एखादी चांगली कॅमरी येईल.

म्हणजे बघा, नवी असताना जास्त पैसे देऊन घेतलेला एस, आजही जाहिरातीत जास्त किमतीला लावलेला एस, आणि बिघडायची शक्यताही त्याचीच जास्त. ३० हॉर्सपॉवरसाठी. ट्रॅफिकमध्ये, किंवा वीकेंडला डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ताशी पस्तीस मैलांनी जाताना, ते ३० घोडे नेमके कुठे चरत असतात हे दादांनाच विचारलं पाहिजे.

२००९ च्या मॉडेलपासून पोर्शेने इंजिनच नवं केलं, त्यात तो मधला शाफ्टच नाही, बेअरिंगचा विषय संपला, ओरखड्यांची तक्रारही खूपच कमी. त्यामुळे २००९ नंतरची साधी कॅरेरा आणि २००७ ची कॅरेरा एस शेजारी उभ्या केल्या तर मी डोळे मिटून साधी घेईन. एक साल पुढे जाणं हे एक मॉडेल वर जाण्यापेक्षा कितीतरी वेळा जास्त फायद्याचं असतं, आणि हे जाहिरातीत मोठ्या अक्षरात कुणी लिहीत नाही, कारण डिकीवर अक्षर असतं ते एस, साल नसतं.

टॉपची मॉडेल्स नेहमी दणकट असतात असंही मेट्स्गरवरून समजू नये. २०१३ ला नवी जीटी३ आली, नवं इंजिन, आणि २०१४ च्या सुरुवातीला युरोपात दोन गाड्या पेटल्या. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल होत होता. पोर्शेने तोवर बनलेल्या ७८५ गाड्यांच्या मालकांना सांगितलं की गाडी चालवूच नका, आणि सगळ्यांची इंजिनं बदलून दिली. पुढे त्याच इंजिनातले व्हॉल्व चालवणारे फिंगर फॉलोअर झिजायला लागले तेव्हा इंजिनची वॉरंटी १० वर्षांपर्यंत वाढवून दिली. आणि एवढं होऊनही त्या गाडीचा भाव पडला असं म्हणता येत नाही. कारण घेणाऱ्याला कळलं की कंपनी मागे उभी आहे. भावाचं असं आहे, तो बिघाडाने पडत नाही, बिघाड कोण निस्तरणार हे न कळल्याने पडतो.

आणि कधीकधी तर इंजिनचा काही संबंधच नसतो. त्या जीटी३ ला मॅन्युअल गिअरबॉक्स नव्हता, लोक चिडले होते, मग २०१६ मध्ये पोर्शेने ९११ आर काढली, जीटी३ आरएसचं इंजिन, हाताचे गिअर, मोठं स्पॉयलर नाही, फक्त ९९१ गाड्या. अमेरिकेत किंमत १ लाख ८५ हजार डॉलरच्या आसपास होती आणि डिलिव्हरी मिळता मिळता लोक ती कितीतरी पट किमतीला पुढे विकायला लागले. दुसऱ्याच वर्षी पोर्शेने साध्या जीटी३ मध्ये मॅन्युअल परत दिला, आणि आरचे भाव धाडकन खाली. गाडीत एक स्क्रूसुद्धा बदलला नव्हता! बदललं एवढंच की आता तसली गाडी दुसरीकडेही मिळत होती.

सुबारूचंही थोडं असंच, डब्ल्यूआरएक्स आणि तिच्या वरची एसटीआय. २०१५ च्या मॉडेलपासून साध्या डब्ल्यूआरएक्सला नवीन २ लिटर इंजिन आलं, एसटीआयला मात्र जुनंच २.५ लिटर, ज्याच्या पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते म्हणून ते बदनाम आहे. तरी जुन्या बाजारात एसटीआयचा भाव घट्ट. अमेरिकेत ती २०२१ नंतर बंदच झाली ना.

भारतात हे सगळं लांबचं वाटेल, पण तिथेही एक छान उदाहरण आहे. ऑक्टाव्हिया. साधी १.८ टीएसआय ऑटोमॅटिक घेतली तर तिला ७ गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) यायचा, जो २५० न्यूटन मीटर टॉर्कपुरताच बनलेला, आणि पुण्या-मुंबईच्या मेच्या उन्हात, रेंगाळणाऱ्या ट्रॅफिकमध्ये कोरड्या क्लचवाल्या या गिअरबॉक्सने किती जणांना रडवलं ते त्या मालकांना विचारा. तिचीच आरएस २३०, तिला तेलात बुडालेल्या क्लचचा ६ गिअरचा डीएसजी, ३५० न्यूटन मीटरचं इंजिन पेलणारा, आणि तेल म्हणजे उष्णता वाहून नेणारी व्यवस्था, त्यामुळे गर्दीत तो निवांत. मग २०२० मध्ये आरएस २४५ आली, भारतात फक्त २००, ३६ लाखांना, बघता बघता संपल्या. इथे महाग मॉडेल टिकायलाही चांगलं आणि विकायलाही. का, तर पुन्हा तेच, वरच्या मॉडेलमध्ये नेमका दुखरा भागच बदललेला होता. दादांना हे उदाहरण सांगून मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, कारण तेव्हापासून ते प्रत्येक वादात ऑक्टाव्हिया आणतात.

पैशाचं म्हणाल तर लोक टक्केवारीत बोलतात आणि तिथेच फसतात. समजा ५२ हजारांची स्टिंगरे काही वर्षांनी ३५ ला गेली आणि ८० हजारांची झेड०६ गेली ५६ ला. आकडे नुसते समजण्यापुरते. टक्क्यांत झेड०६ जिंकली, तिने ३० टक्के गमावले आणि स्टिंगरेने जवळजवळ ३३. पण खिशातून गेले किती? झेड०६ वाल्याचे २४ हजार, स्टिंगरेवाल्याचे १७. वर टायर, ब्रेक, इन्शुरन्स वेगळे. ऑप्शनचं तर बोलूच नका, पोर्शेमध्ये सिरॅमिक ब्रेक घेतलेली गाडी जुन्या बाजारात दिसली की नवशिका खूश होतो, पिवळे कॅलिपर काय सुंदर दिसतात, आणि चारही डिस्क बदलायची वेळ आली की बिल पाच आकडी डॉलरमध्ये. मूळ मालकाने मोजलेले ते पैसे त्याला परत मिळत नाहीत, आणि तुम्हाला मात्र त्यांचा वारसा मिळतो.

कमी चाललेली गाडी हाही असाच एक मोह. टॉप मॉडेलवाले गाडी चालवतच नाहीत, भाव जाईल म्हणून. इथे नोव्हेंबरात रस्त्यावर मीठ पडायच्या आत सगळ्या गॅरेजमध्ये जातात, बॅटरीला चार्जर, वर कव्हर, थेट एप्रिलपर्यंत. मीठ लागत नाही हे चांगलंच. पण तेल तसंच पडून, रबरी सील सुकलेले, टायर दिसायला नवे आणि वयाने म्हातारे. तेरा वर्षांत तेरा हजार मैल चाललेल्या गाडीपेक्षा दर वर्षी सहा-सात हजार मैल चाललेली आणि प्रत्येक पावती ठेवलेली गाडी मी घेईन, भले ती बेस का असेना. बाजार मात्र पहिलीलाच जास्त पैसे देईल. मग ठरवा, तुम्ही गाडी घेताय की वस्तू सांभाळायची जबाबदारी घेताय.

बघायला गेलो की मी काय करतो असं दादांनी विचारलं तेव्हा सांगितलं, आधी फोन करून मालकाला म्हणायचं इंजिन गरम करून ठेवू नका, मी आल्यावर सुरू करू. गार इंजिन खोटं बोलत नाही. पोर्शे असेल तर काँप्युटरमधून ओव्हररेव्हचा, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरवल्याचा, रिपोर्ट काढून घ्यायचा, ९९७ मध्ये तो सहा पायऱ्यांत येतो, वरच्या पायऱ्यांत नोंदी दिसल्या तर कुणीतरी पाचव्याऐवजी तिसरा गिअर टाकलाय असं समजायचं. तेलाचा नमुना लॅबला पाठवायचा. आणि स्पार्क प्लग काढून आत कॅमेरा. हे सगळं करू न देणारा मालक कितीही गोड बोलला तरी चहा पिऊन घरी यायचं.

एवढं सगळं व्यवस्थित समजावून मी दादांपुढे दोन नावं ठेवली होती. २००९ नंतरची साधी कॅरेरा, किंवा सी७ ग्रँड स्पोर्ट मॅन्युअल. ग्रँड स्पोर्ट वहिनींनी एका वाक्यात बाद केली, दोनच सीट, मग पोरीला काय डिकीत बसवणार? राहिली कॅरेरा. दादा हो हो म्हणाले, मान हलवली, वहीत लिहूनही घेतलं.

काल रात्री साडेअकराला त्यांचा मेसेज आला, सोबत फोटो. ओहायोत टोलीडोच्या जवळ, २००७ ची कॅरेरा एस, ३.८, मॅन्युअल, आणि रंग पिवळाधमक. खाली लिहिलेलं, अरे रागावू नकोस पण पिवळी आहे रे.

शनिवारी सकाळी सातला निघतोय आम्ही. मालकाला इंजिन गार ठेवायला सांगितलंय, बोरस्कोप (तो आत घालायचा कॅमेरा) माझ्याकडे आहे, आणि सगळ्यात आधी सहा नंबरच्या सिलिंडरमध्ये बघणार आहे, ओरखडे बहुतेक तिथेच आधी दिसतात. वहिनींनी डब्यात थालीपीठं देते म्हणून सांगितलंय.